पायरीवर बसलेली कुलसुम

साठीला आलेला तय्यब गादीवाला पोहायला शिकणार, ही बातमी कामरगावच्या बसस्टँडवर पसरली तेव्हा लोकांनी त्याची चांगलीच फिरकी घेतली. चहावाला म्हणाला, "चाचा, आता कोन्त्या समिंदरात जाता?" जीपवाल्यांनी तर त्याचं दुकान ओलांडताना हात मारून पोहण्याची नक्कलच सुरू केली. तय्यब हसून सोडून द्यायचा. विचारणाऱ्याला त्याचं एकच उत्तर ठरलेलं होतं. सगळा जन्म कापूस पिंजण्यात आणि वाकून गाद्या शिवण्यात गेला, पाठीचे मणके घासले, कारंजाच्या डॉक्टरानं पोहायला सांगितलं.

यात खोटं काही नव्हतं. डॉक्टरानं खरंच सांगितलं होतं. पण त्यानं चालायलाही सांगितलं होतं, आणि चालायला तय्यब एक दिवसही गेला नव्हता. पोहण्याचं मात्र त्यानं लगेच मनावर घेतलं. त्याचं कारण पाठीत नव्हतं.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नाजिश तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती, शाहिद कडेवर होता. ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळे कुलसुमच्या माहेरी, आसेगावला गेले होते. नदीला एक डोह होता, तिथं डबे घेऊन सगळं कुटुंब गेलं. कुलसुमची धाकटी बहीण अकीला होती, तिचा मुलगा मुदस्सिर होता, पाच-सहा वर्षांचा. जेवणं झाली, बायका भांडी विसळत होत्या, आणि मुदस्सिर शेवाळलेल्या खडकावरून घसरून डोहात गेला. एकदा वर आला, पुन्हा खाली गेला. अकीला ऊर फुटेस्तोवर ओरडली.

कुलसुम अगदी काठाशी होती. तिनं वळून तय्यबकडे पाहिलं.

तय्यबला पोहता येत नव्हतं. तो जागच्या जागी उभा राहिला. बायको आपल्याकडे पाहतेय हे त्याला दिसलं, आणि त्यानं मान खाली घातली. तेवढ्यात पलीकडच्या काठावर बैल धूत असलेल्या एका माणसानं उडी घेतली आणि पोराला केसांना धरून बाहेर काढलं. मुदस्सिर वाचला. आज तो मंगरुळपीरला बापाचं वेल्डिंगचं दुकान चालवतो, त्यालाही दोन मुलं आहेत.

पण कुलसुमची ती नजर तय्यबच्या आत बसून राहिली. आपली बायको आपल्याकडे मदत मागत होती आणि आपण उभे होतो, असं त्याला वाटत राहिलं. त्या दिवसानंतर अकीला कामरगावला यायची बंद झाली. लग्नकार्यात भेटली तरी दोन शब्द बोलून बाजूला व्हायची. तय्यबनं मनाशी धरून ठेवलं की हा राग आपल्यावर आहे, भेकड दाजीवर. कुलसुमला त्यानं कधी विचारलं नाही, आणि तीही कधी बोलली नाही.

म्हणून डॉक्टर पोहा म्हणाला तेव्हा तय्यबनं घरी येऊन लगेच सांगितलं, "मी शिकतो."

कुलसुम पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "कुठी?"

"मानिकचंद शेठच्या बगीच्यात. पायऱ्यायची विहीर आहे. इचारलं मी त्यायले, या म्हणाले."

माणिकचंद शेठचं कारंजाला कापडाचं दुकान होतं आणि कामरगावच्या शिवारात संत्र्याचा बगीचा. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या तय्यबच्या गाद्यांवर झोपल्या होत्या. बगीचा बादल राठोड सांभाळायचा, तिथंच कुटुंबासह राहायचा. शेठनं त्याला सांगून ठेवलं की चाचाच्या कमरेला दोर बांध आणि वरून धरून राहा.

पहिल्या दिवशी तय्यब पायजमा घालूनच पाण्यात उतरला. बादलच्या घरच्या बायामाणसांसमोर गुडघे उघडे टाकायची त्याला लाज वाटली. पायजमा पाण्यानं फुगला, मग पायाला चिकटला, आणि जीपची जुनी ट्यूब काखेत असूनही तय्यब घाबरून पायरीला मिठी मारून बसला. बादल वरून दोर ओढत ओरडत होता, "चाचा, पाय मारा, पाय!" तय्यबचे पाय दगडावरून सुटतच नव्हते.

असे काही दिवस गेले. बादल सांगायचा ते बरोबरच असायचं, पण तो सांगायचा वरून आणि जोरात. आवाज विहिरीत घुमला की तय्यबला काही कळायचं नाही. तो घरी यायचा, चहा प्यायचा आणि गप्प बसायचा.

एका सकाळी कुलसुम म्हणाली, "मी येते आज."

"तू येऊन काय करशीन?"

"बसीन."

ती आली. पाण्याच्या वर दोन पायऱ्या सोडून बसली, ओढणी डोक्यावरून नीट घेतली, पाय आखडून घेतले. तय्यब ट्यूब घेऊन उतरला आणि नेहमीसारखाच धडपडू लागला. कुलसुमनं थोडा वेळ पाहिलं, मग हळू आवाजात बोलली.

"पायजामा घालून कोन पोहते बापा? उद्यापासून हाफपँट घाला. बादल काई तुमचे गुडघे पाहाले बसला नाई."

वर बादल खो-खो हसला. तय्यबही हसला आणि त्याच्या तोंडात पाणी गेलं.

"थुका. गियू नका," कुलसुम म्हणाली. "अन् पान्याले मुठीत धरू नका. ते कोनाच्या हातात राह्यते का? पंजा उघडा ठेवा, त्याच्यावर हात ठेवा निस्ता. हां. आता डोकं मांगं टाका. कान बुडू द्या. बुडू द्या, काई होत नाई."

तय्यबनं कान बुडू दिले. बाहेरचं सगळं बंद झालं, नुसता त्याचा स्वतःचा श्वास उरला. पाय आपोआप वर आले. क्षणभर त्याला कळलंच नाही की खाली काही नाही आणि तरी तो पडत नाही. मग कळलं, आणि घाबरून त्यानं पुन्हा पायरी धरली. पण तो एक क्षण त्याच्या हाती लागला होता.

"तुले कसं मालूम हे सारं?" पायरीवर येऊन त्यानं विचारलं.

कुलसुमनं त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "मी पोहत होती ना. आसेगावात मायाएवढं कोनी पोहत नोतं. डोहाच्या तळातून माती आणून दाखवू मी. भायेर आली का अकीला गिनती सांगे, कितीक वेळ राह्यली आत."

"मले तं कधी सांगतलं नाई तू."

"सांगाले काय? तुमीच तं बंद केलं."

तय्यबला आठवेना. घरी जाताना, मोटरसायकलवर, तो आठवत राहिला. मग एक धूसर संध्याकाळ वर आली. लग्नाचं पहिलंच वर्ष. सासरवाडीला गेला होता तो, मोठा भाऊ बरोबर होता. नदीच्या वाटेवर कुलसुम समोरून आली, मैत्रिणींबरोबर, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, हसत. भाऊ काही बोलला नाही, नुसता खाकरला. तेवढंच पुरलं. रात्री तय्यबनं तिला सांगितलं की नदीवर जाणं आता बंद, मायी कसम आहे तुले. ती बरं म्हणाली. त्याला वाटलं होतं, पोरी अंघोळीला, खेळायला जातात तसं काहीतरी असेल. त्यानं एक वाक्य बोलून टाकलं आणि विसरून गेला.

त्यानंतर कुलसुम रोज यायला लागली. तय्यब भरभर शिकू लागला. ट्यूब सुटली, नुसता दोर राहिला. पुढं बादलनं दोरही सैल सोडला. पाय बेडकासारखे कसे मारायचे, दम कधी घ्यायचा, थकलं की उताणं कसं पडायचं, सगळं कुलसुमनं पायरीवरून शिकवलं. सांगता सांगता तिचे हात हवेत हलायचे, खांदे वळायचे. पण तिनं पायाचा अंगठासुद्धा पाण्यात घातला नाही.

आणि तय्यबला पाणी आवडू लागलं. हे त्याला अपेक्षित नव्हतं. उन्हाळा लागला होता, बाहेर सकाळीच चटके बसायचे, आणि विहिरीत मात्र थंड, हिरवट उजेड असायचा. उताणं पडलं की वर निळ्या आभाळाचा गोल तुकडा दिसायचा आणि पाठीचं दुखणं कुठल्या कुठं जायचं. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतानाही त्याचं अर्धं लक्ष उद्याच्या सकाळकडे असायचं. एवढं सुख आपल्याला या वयात मिळालं म्हणून तो खूश असायचा, आणि मग लगेच दुसरा विचार यायचा, की हिला हे विशीत मिळालेलं होतं.

एका सकाळी तो या काठापासून त्या काठापर्यंत न थांबता गेला आणि परत आला. बादल वरून टाळ्या वाजवून पाण्याच्या मोटारीकडे निघून गेला. तय्यब धापा टाकत कुलसुमच्या पायाशी येऊन बसला. आनंदात होता. म्हणाला, "आता तू उतर. मी मना करत नाई. आपल्याशिवाय कोन आहे इथं?"

"नाई."

"काहून? मायी कसम वापस घेतली समज."

कुलसुम हसली नाही. "कसमेची गोष्ट नाई ते."

मग तय्यबनं आजवर न बोललेलं बोलून टाकलं. इतका दम आज त्याच्यात होता. "कुलसुम, त्या दिवशी डोहावर तू मायाकडं पाह्यलं. मले पोहता येत नोतं. मी उभा राह्यलो. तेवा तुले कसं वाटलं असन, हे मी आजपर्यंत इसरलो नाई. म्हून शिकलो मी. पाठ-बीठ सारं त्याच्या नंतरचं."

कुलसुम त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुमाले वाटलं मी तुमाले उडी माराले सांगून राह्यली होती?"

"मंग?"

"तुमाले पोहता येत नाई हे मले मालूम नोतं का?" ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "मी इचारत होती. पाय उचलला होता मी. अन् तुमची कसम आठोली. तेवा मी येडी होती, कसम तोडली का ज्याची कसम तो मानूस मरते असं वाटे मले. शाहिद अंगावर पेत होता. म्हून तुमाकडं पाह्यलं, जाऊ का म्हून. अन् तुमी मान खाली घातली."

तय्यब पायरीवरून उठून उभा राहिला.

"मले वाटलं, नाई म्हणून राह्यले."

विहिरीत पाझराचं पाणी टपटपत होतं. तय्यबला अंगावरचं पाणी एकदम गार लागलं.

"अल्लाची मेहेरबानी, तो बैलवाला होता," कुलसुम म्हणाली. "पन अकीलानं पाह्यलं ना. तिले मालूम होतं मी काय पोहते. तिचं पोरगं बुडून राह्यलं अन् मी काठावर उभी. नंतर तिनं मले एकच इचारलं, 'आपा, तू थांबली काहून?' काय सांगू मी तिले? मले जवाबच देता आला नाई. तेवापासून पान्यात पाय टाकावासा वाटत नाई. तुमच्या कसमेनं नाई. मी थांबली म्हून."

ती उठली आणि पायऱ्या चढून गेली. मोटरसायकलवर मागं बसल्यावर तिनं नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तय्यबला घरापर्यंत सहन होत नव्हता.

पुढचे काही दिवस तो विहिरीवर गेला नाही. दुकानात बसायचा, सुईत दोरा ओवायचा आणि तसाच धरून ठेवायचा. आपली मान खाली गेली ती शरमेनं, आणि तिनं वाचला तो नकार. कोणीतरी एकानं त्याच रात्री तोंड उघडलं असतं तर? एवढी वर्षं एका घरात राहून, एका ताटात जेवून, दोघं एकाच क्षणाच्या दोन टोकांना बसून राहिली होती. आणि त्या दोघांच्या मध्ये अकीला आपली बहीण गमावून बसली होती.

शेवटी त्यानं एका दुपारी शाहिदला दुकानात बसवलं आणि कुलसुमला न सांगता मंगरुळपीरची बस धरली.

अकीला अंगणात गहू निवडत होती. दाजी एकटे आलेले पाहून ती घाबरली. "आपा बरी आहे ना?"

"बरी आहे. मी तुले एक सांगाले आलो."

तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. तय्यबनं पाणी बाजूला ठेवून सगळं सांगितलं. नदीची वाट, भावाचं खाकरणं, कसम, ती नजर, आपली खाली गेलेली मान. "तिची गलती नोती," तो म्हणाला. "मायी होती. तुले राग धराचा तं मायावर धर. तिच्याशी बोल."

अकीला सुपातले खडे वेचत राहिली. तिचे केस आता पांढरे झाले होते. कुलसुमसारखीच तिलाही बोलायच्या आधी ओठ मिटायची सवय होती.

"दाजी, तुमी आले, मेहेरबानी," ती म्हणाली. "पन तुमावर माया कधी राग नोता. तुमी माये कोन? तुमाले पोहता येत नाई, तुमी उभे राह्यले, बात खतम. ती मायी बहीण होती. मायच्या मांगं तिनं मले वाढोलं. मले तिनंच पोहाले शिकोलं, पोटाखाली हात धरून. मायं पोरगं बुडत असताना तिले कोनाले इचारा लागलं, हे मले समजत नाई. तवाही समजलं नाई, आताही नाई."

"तिनं कसम..."

"असन. पन मी असती तं इचारलं नसतं." तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी सांगतलं ते बरं केलं. मले वाटे, तिले मायं पोरगं परकं वाटलं. तेवढं तरी गेलं मनातून. पन दाजी, इतके वर्ष गेले. आता मी तिच्याकडं जाऊन बोलू काय? आमाले आता बोलाची सवयच नाई राह्यली."

तिनं चहा केला. निघताना घरच्या लोणच्याची एक बरणी दिली, कुलसुमचं नाव मात्र घेतलं नाही. मुदस्सिर दुकानातून धावत आला आणि "खालू, राहा ना आजच्या दिवस" म्हणाला. त्याच्या दाढीत पांढरा केस दिसत होता. तय्यबला त्याच्याकडे नीट पाहवलं नाही.

घरी आल्यावर त्यानं कुलसुमला सगळं सांगितलं. लपवायचं त्याला आता काही नको होतं. तिनं ऐकून घेतलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याच्यावर खरी चिडली.

"तुमाले कोनं सांगतलं होतं जाले? मायं दुखनं घेऊन तुमी माफी मांगाले गेले? मले न इचारता?"

"तुय्यासाठीच..."

"मायासाठी नाई. तुमाले हलकं वाटावं म्हून गेले तुमी." तिनं बरणी उचलून फडताळात ठेवली. "मले जाचं होतं तिच्याकडं. मलेच सांगाचं होतं एक ना एक दिवस. आता ते बी राह्यलं नाई."

ती बरोबर बोलत होती. पहिल्या वेळी त्यानं न विचारता तिला थांबवलं होतं, या वेळी न विचारता तिच्या वतीनं बोलून आला होता.

घरात बरेच दिवस कामापुरतंच बोलणं चाललं. नागपूरहून नाजिशचा फोन आला की दोघं आळीपाळीनं तिच्याशी बोलायची आणि फोन ठेवून आपापल्या कामाला लागायची. तय्यब पुन्हा विहिरीवर जाऊ लागला, एकटाच. बादल विचारायचा, "चाची नाई आली?" तो म्हणायचा, "तिचे गुडघे दुखतेत."

उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरीचं पाणी बरंच खाली गेलं होतं. एका सकाळी तय्यब निघाला तर कुलसुम चपला घालून दारात उभी होती. ती मागं बसली.

विहिरीवर ती नेहमीच्या पायरीवर थांबली नाही. खाली उतरत गेली. ओढणी काढून तिनं कमरेला घट्ट गुंडाळली, शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि पाण्यात शिरली. तय्यब वरच्या पायरीवर होता, तिथंच बसला.

ती पोहली. आवाज न करता, पाणी न उडवता. खांदा अर्धाच वर जात होता, एक हात नीट पडत नव्हता, तरी ती अशी गेली जशी तय्यब कधीच जाऊ शकणार नव्हता. समोरच्या भिंतीशी पोचली, दगडाला धरलं आणि पाठमोरीच थांबली. तिची पाठ हलत होती. दमानं हलत होती की रडण्यानं, ते वरून कळत नव्हतं. तय्यबनं हाक मारली नाही. त्याच्या मनात फक्त एवढंच येत होतं, की हे रोज असू शकलं असतं. नाजिशला पोहता आलं असतं, शाहिदला आलं असतं. दर उन्हाळ्यात या विहिरीत चौघांचा गलका झाला असता.

ती परत आली, पायरीला धरून बाहेर निघाली. ओठ निळसर पडले होते. तय्यबनं टॉवेल पुढं केला.

"पाय आठोतात," ती म्हणाली, "दम आठोत नाई."

"येईन हळूहळू."

"नाई येत आता. त्या वयाचा दम त्या वयातच राह्यते." तिनं केस पिळले. मग त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "एवढं बरं वाटते हे, मी इसरूनच गेली होती."

त्यानंतर ती आणखी दोन-तीनदा उतरली असेल. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली, पाणी गढूळ झालं आणि तिचं येणं थांबलं. पुढं पाणी निवळलं तरी ती आली नाही. शाहिदच्या घरी बाळ आलं, तिचे हात त्यात गुंतले. तय्यब अजून जातो. रोज सकाळी निघताना विचारतो, "येतं का?" ती बहुतेक वेळा नाही म्हणते, आणि तो पुन्हा विचारत नाही. अकीलाचा एकदा फोन आला होता, बाळाची मुबारकी द्यायला. दोघी बहिणी बाळाच्या वजनाबद्दल बोलल्या, जावळाबद्दल बोलल्या, आणि मग दोन्हीकडं बराच वेळ शांतता झाली. कुलसुम म्हणाली, "अकीला, हाय ना?" तिकडून आवाज आला, "हाव आपा, हाय." यापलीकडे कोणाला काही सुचलं नाही, आणि फोन ठेवला गेला.